पहिल्या डावाचे दोष

परवा मोंढ्यात हमाली करणारे आमचे एक स्नेही रात्री घरी आले. तक्रार धाकट्या मुलाची होती. बारावी झालेला हा मुलगा व्हिडिओ गेम बनवायला शिकायचे म्हणतो. जुन्या संगणकावर त्याने एक छोटा गेम तयारही केला. मित्रांना दाखवला, तर त्यातला माणूस भिंतीतून आरपार जाऊ लागला. मित्र पोट धरून हसले आणि मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. "भाऊ, यात काही पोटापाण्याचं आहे का, का पोरगं वाया चाललंय?" असा त्यांचा सवाल.

आम्ही पडलो कारकून. गेममधले आम्हाला काय कळणार? पण मुलाशी बसून बोललो, थोडी माहिती काढली. ती इथे देत आहोत, कारण हा प्रश्न त्या एकाच घराचा नाही.

पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या मंडळींनी 'राजी' नावाचा गेम करायला घेतला. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. ठरलेला आकडा गाठला गेला नाही, आणि तिथल्या नियमाप्रमाणे हाती काहीच आले नाही. तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवले. २०२० साली गेम बाजारात आला.

लोक काय म्हणाले? काही म्हणाले, चित्रे अप्रतिम, राजस्थानी वाडे डोळ्यांत भरतात. काही म्हणाले, मारामारी अडखळते, कॅमेरा हवा तिथे नसतो, आणि गोष्ट ऐन रंगात येऊन तुटते. दोन्ही खरेच होते. त्याच वर्षी जगातल्या पदार्पणाच्या उत्तम गेमच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळाले. मंडळी टीकेवर रुसली नाहीत. २०२२ मध्ये त्यांनी मारामारी सुधारून, हिंदी आवाज घालून नवी आवृत्ती दिली.

हे छोट्यांचे झाले. बड्यांचेही ऐका. पोलंडच्या एका मोठ्या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा मोकळ्या शहरात हवे तिथे हिंडायचा गेम १० डिसेंबर २०२० ला आला, तो इतका कच्चा की आठ दिवसांत सोनीने आपल्या दुकानातून काढला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. पुढे अनेक दुरुस्त्या होऊन तो नावाजला गेला. पण घाईने कच्चा माल विकला, हा दोष पुसला जात नाही. घामाचा पैसा देणाऱ्याला जाब विचारायचा हक्क आहेच.

'राजी'बद्दल आमचीही एक तक्रार आहे. तिच्यात पुन्हा देव चांगले आणि असुर वाईट. असुर म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न आपल्या घरांत वेगळ्या रीतीने विचारला जातो. पण नुसती तक्रार करून काय होणार? आपली गोष्ट सांगायची तर आपल्या मुलामुलींना हे काम आले पाहिजे.

म्हणून पालकांना हिशेबाचे दोन शब्द. नोकरीची हमी देऊन मोठी फी मागणाऱ्या क्लासला लगेच पैसे भरू नका. गोडो आणि ब्लेंडर ही गेम व चित्रे बनवायची साधने फुकट मिळतात. सहा महिने त्यावर हात बसू द्या, मग ठरवा. कॉलेज मात्र सोडू देऊ नका.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, मित्र कुठे कुठे हसले त्याची यादी कर. अकरा जागा निघाल्या. परवा त्याचे वडील मोंढ्यात भेटले, म्हणाले, "चार दुरुस्त झाल्या, भाऊ. आता जेवतोय बरा."