तबकडीतला आवाज

एकेकाळी शास्त्रीय गाणे राजवाड्यांत आणि धनिकांच्या बैठकांत कोंडलेले होते. बोलावणे नसलेला माणूस दाराबाहेरच राही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले आणि हे दार किलकिले झाले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तासाभराचा राग तेवढ्यात आवरावा लागे.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांच्या लाखेच्या तबकड्या सुईने झिजल्या. आता संगणकावर खरखर कमी करून तोच आवाज मोबाईलवर ऐकायला मिळतो. तिथे ना आमंत्रण लागते, ना कोणी जात विचारते.

म्हणून घरातली जुनी तबकडी, कॅसेट भंगारात घालू नका. आधी तिची प्रत काढून घ्या, मुलाबाळांना ऐकवा.