अभ्यासगटालाही संशोधन म्हणावे

प्रति,
अध्यक्ष, भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, नवी दिल्ली

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड गाव आहे. तिथे अभ्यासगट अभ्यास करतो आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही, त्यामुळे तिथली चर्चा मोकळी राहते. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे कार्यकर्ते या गटात बसले ते सोबती म्हणून. प्रश्न गावाचे होते. माश्या न मारता मध काढता येईल का, हा त्यांतलाच एक. माश्यांच्या अभ्यासातून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची रीत बसली. असे संशोधन प्रबंधात मावत नाही, पण त्याची परीक्षा पुढच्याच हंगामात होते.

सामाजिक शास्त्रांचा रूढ क्रम याच्या उलटा आहे: गृहीतक आणि प्रश्नावली आधी, गाव नंतर. माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी 1999 च्या ‘डिकॉलोनायझिंग मेथडॉलॉजीज’ या ग्रंथात या क्रमावरच बोट ठेवले. संशोधन कोणाचे आणि लाभ कोणाला, हे त्यांचे मुख्य प्रश्न. दक्षिण आफ्रिकेतील सान समाजांनी तर 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली.

भारतात या बाबतीत कायदा विद्यापीठांच्या पुढे आहे. वनहक्क कायद्याच्या 2008 च्या नियमांतील तेरावा नियम वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन, वंशावळ, जुन्या विहिरी, दफनभूमी आणि देवस्थाने यांना पुरावा मानतो. तो एकाहून अधिक पुरावेही मागतो. म्हणजे म्हाताऱ्याने सांगितलेली गोष्ट जागेवरच्या खुणेशी ताडून पाहायची. पडताळणी यापेक्षा वेगळी काय असते? याच कायद्याखाली मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

या पद्धतीला मर्यादा आहेत. सर्वसहमतीत गप्प बसलेल्याचे मत झाकले जाऊ शकते, आणि राज्यभराचे चित्र हवे असेल तर मोठ्या सर्वेक्षणाला पर्याय नाही.

तरीही अनुदानाच्या नियमांत परिषदेला काही बदल सहज करता येतील. प्रश्न गावासोबत ठरवण्यात जाणारे महिने प्रकल्पाच्या कालावधीत आणि खर्चात धरावेत. ग्रामसभेची संमती सुरुवातीला व प्रकाशनापूर्वी, अशी दोनदा घ्यावी. निष्कर्ष गावाच्या बोलीत ग्रामसभेपुढे वाचले जावेत. इंग्रजी अहवालाची प्रत पंचायतीच्या कपाटात ठेवली म्हणून ही अट पुरी झाली, असे मानू नये.