चालते यंत्र भंगारात कोणी काढावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीला सुरक्षेचे नियमित पाठबळ देणे थांबविले. विंडोज ११ विनामूल्य मिळते खरी. पण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठराविक पिढीचा प्रोसेसर लागतो. परिणामी साधारणतः २०१७ पूर्वीच्या बनावटीचे बहुतेक संगणक अपात्र ठरले. यंत्रात बिघाड काहीच नाही. मुलांचा अभ्यास, सातबाऱ्याचा उतारा, सोसायटीचा पत्रव्यवहार त्यावर सुरळीत होतो. तरी त्याचे आयुष्य संपल्याचे फर्मान अमेरिकेतून निघते, आणि मालवण-देवगडकडच्या घरात चाकरमान्याने मुंबईहून आणून ठेवलेला जुना संगणक एका रात्रीत संशयास्पद होतो.

कंपनीने घरगुती ग्राहकांना एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली, ती ३० डॉलर भरून किंवा संगणकाच्या मांडणीची प्रत कंपनीच्या भांडारात ठेवून. युरोपातील ग्राहक संघटनांनी हरकत घेतली, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती ही अट सैल झाली. आपल्याकडे ती तशीच राहिली. संघटित ग्राहक आणि असंघटित ग्राहक यांत हा फरक असतो. पैसे देऊन घेतलेल्या यंत्राची मालकी नेमकी कोणाची, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही.

यातून सुटण्याचा मार्ग आहे, तो लिनक्सचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभिली. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढल्याच वर्षी तो स्टॉलमन यांच्या परवान्याखाली सर्वांना खुला केला. हा परवाना सांगतो की, कोणीही हे सॉफ्टवेअर वापरावे, तपासावे, बदलावे. मात्र बदललेले दुसऱ्याला देताना त्याचा मूळ मजकूरही द्यावा लागेल. किनाऱ्यावर रापणीचा दोर ओढणाऱ्याला वाट्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की येथे वाटेकरी वाढले म्हणून वाटा लहान होत नाही. अर्थात भाबडेपणाही नको. आज लिनक्सचे पुष्कळसे काम इंटेल, गूगल, रेड हॅट अशा बड्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. पण परवान्यामुळे त्यांनाही हा सामायिक ठेवा कुलपात घालता येत नाही.

व्यवहारात काय करावे लागते? लिनक्स मिंटसारखी एखादी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि संगणक त्यावरून सुरू करून पाहायचा. जुन्या विंडोजला हात न लावता छपाई, आवाज, वायफाय चालते की नाही हे तपासता येते. मन भरले तर आधी सर्व फायलींची प्रत बाहेर काढून ठेवायची आणि मगच ती बसवायची. चार जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रावरही तिची हलकी आवृत्ती चालते. पत्रे व हिशेबाचे तक्ते यांसाठी लिबरऑफिस आहे. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक आहे, लोहितसारखे मुक्त टंक आहेत.

अडचणी लपविण्यात अर्थ नाही. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव यांत टंकलेला वर्षानुवर्षांचा मजकूर तोच टंक बसविल्याखेरीज किंवा युनिकोडमध्ये आणल्याखेरीज वाचता येत नाही, आणि रूपांतरात जोडाक्षरे बिघडू शकतात. प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागते. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याने घाई करू नये. डिजिटल स्वाक्षरीचे काही सरकारी व्यवहारही विंडोज गृहीत धरूनच रचलेले असतात, आणि तेथे दोष वापरणाऱ्याचा नसून अशी रचना स्वीकारणाऱ्या खात्याचा असतो. सार्वजनिक सेवेसाठी नागरिकाने विशिष्ट कंपनीचा माल घेतलाच पाहिजे, हे लोकशाही राज्याला शोभत नाही.

केरळने हा प्रश्न शाळेपासून हाताळला. तेथील सरकारी शाळांतले संगणकशिक्षण दीर्घकाळ मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. २०१९ साली दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी राज्याने स्वतःची नवी लिनक्स आवृत्ती दिली. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो तरुणांनी संगणक म्हणजे विंडोज असेच गिरविले. त्यामुळे सावंतवाडीच्या गृहिणीने किंवा आचऱ्याच्या निवृत्त शिक्षकाने लिनक्स बसविले, तरी अडल्यावर विचारायचे कोणाला, हा प्रश्न उरतो. एकट्याने घरात केलेला बदल पहिल्या अडचणीला मोडतो, तो याच कारणाने.

म्हणून हे काम तालुक्या-तालुक्यांतील वाचनालयांनी आणि मालवणच्या बॅ. नाथ पै सेवांगणासारख्या संस्थांनी हाती घ्यावे. महिन्यातून एक रविवार ठेवावा. लोकांनी आपले संगणक घेऊन यावे, जाणत्या मुलांनी ते करून द्यावेत आणि पुढल्या रविवारी अडलेल्यांनी परत यावे. जिल्हा परिषदेच्या शाळांतील जुने संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालवून पाहावे, अशी मागणी कार्यकर्त्यांनी ओरोसला लेखी द्यावी. आणि आरंभ आपल्याच कार्यालयातील संगणकापासून करावा. जुन्या ठरावांच्या फायली तेथे कोणत्या टंकात आहेत, हे आधी पाहावे लागेल.