वडिलांच्या दाव्याचा खर्च मुलाच्या पगारातून?

बांधाचा दावा वडिलांनी लावलेला. निकालाआधीच ते वारले. वारस म्हणून मुलाचे नाव दाव्यात लागले, पुढे दावा फेटाळला गेला आणि ‘वादीने प्रतिवादीचा खर्च द्यावा’ असा हुकूम झाला. काही महिन्यांनी वसुलीची दरखास्त आली, तीही थेट मुलाच्या पगारावर जप्ती मागणारी. असा प्रसंग कोणत्याही घरात येऊ शकतो. मग हा खर्च द्यायचा कोणी?

कायदा काय सांगतो?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ५० आणि ५२ चे सूत्र सरळ आहे : मयताचे देणे मयताच्या मिळकतीतून. वारसाच्या हाती ४० हजारांची मिळकत आली आणि देणे ६० हजारांचे असेल, तर जबाबदारी ४० हजारांपुरतीच. मात्र आलेली मिळकत कुठे गेली याचा समाधानकारक हिशेब वारसाला देता आला नाही, तर तेवढ्या रकमेपुरती वसुली त्याच्याकडून व्यक्तिशः होऊ शकते.

घोळ कुठे होतो?

वडिलांच्या मागे दावा मुलानेच चालवलेला असतो. त्यामुळे जिंकलेला पक्ष म्हणतो, ‘हरला तो हाच, खर्चही यानेच द्यावा.’ हुकुमात ‘वादी’ एवढाच शब्द असला की वादाला नवे तोंड फुटते.

खरे तर कलम ३५ नुसार खर्च कोणी, कोणत्या मिळकतीतून आणि किती द्यायचा, हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार न्यायालयाला आहे. तो वापरून हुकुमातच एक ओळ स्पष्ट लिहिली, तर पुढची वर्षे वाचतील. कारण दरखास्त दाखल करण्याची मुदत तब्बल १२ वर्षांची आहे.

न्याय्य काय?

जिंकलेल्या पक्षानेही वर्षानुवर्षे चपला झिजवलेल्या असतात, त्याला वाऱ्यावर सोडता येणार नाही. म्हणून रेषा अशी हवी : वडिलांच्या हयातीतला खर्च त्यांच्या मिळकतीतून. वारसाने खोटेपणा माहीत असूनही दावा रेटला, उगाच तारखा वाढवल्या, तर तेवढा खर्च त्याच्या खिशातून. पण केवळ नाव लागले म्हणून त्याच्या कमाईला हात लावणे अन्यायाचे.

वारसाने काय करावे?

• हाती आलेले पैसे, दागिने, जमीन यांची यादी करावी.
• दवाखाना, अंत्यविधी, जुनी देणी यांच्या पावत्या जपाव्यात.
• स्वतःच्या कमाईवर जप्ती आल्यास कलम ४७ खाली त्याच न्यायालयात हरकत घ्यावी.
• हुकूम मोघम असेल, तर वकिलाकरवी वेळीच स्पष्टता मागावी.

वारसा म्हणून सातबारा येतो, तसे देणेही येते. पण ते सातबाऱ्यापुरतेच. ही मर्यादा दरखास्तीच्या वेळी भांडून मिळवावी लागू नये, ती हुकुमातच लिहिलेली असावी.