नळीपेक्षा पांघरूण मोठं

सेमिनारचा मोसम आला की आपल्याकडे कार्बन नॅनोट्यूबला पूर येतो. पहिल्या स्लाइडवर १९९१ आणि जपानचे सुमिओ इजिमा, शेवटच्या स्लाइडवर 'कॅन्सरवर रामबाण'. टाळ्या, चहा, मार्क्स. मधलं सगळं गायब, आणि मित्रहो, खरं इंजिनिअरिंग तर मध्येच आहे.

कल्पना झकास आहे, हे मान्य. अंधारात टॉर्चवर बोटं धरा, लाल उजेड आरपार दिसतो. त्याच्याही पलीकडचा, साधारण ७०० ते ११०० नॅनोमीटरचा प्रकाश शरीरात आणखी आत जातो. पेशी तो फारसा शोषत नाहीत. नॅनोट्यूब शोषते आणि तापते. २००५ साली स्टॅनफर्डच्या होंगजिए दाय यांच्या गटाने ८०८ नॅनोमीटरच्या लेसरने अशा नळ्या आत घेतलेल्या कॅन्सरपेशी मारून दाखवल्या. पण काचेच्या भांड्यात, माणसात नव्हे.

मुळात या नळ्या पाण्यात टाकल्या की मेसच्या पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. जहाल आम्लात उकळल्या तर मिसळतात खऱ्या, पण भिंतीतली कार्बनची जाळी बिघडते, प्रकाश शोषणंच कमी होतं. वर रक्तासारख्या खारट द्रवात पुन्हा गुठळ्या! म्हणून पॉलिमरचं पांघरूण. पेग घ्या, किंवा कोळंबीच्या सालांपासून बनणारं कायटोसान. गुंडाळण्याची खुबी अशी, की नळीला धरणारा भाग आत, पाणी आवडणारा बाहेर आणि जाळीला धक्का नाही. दाय यांच्या प्रयोगातही पेग होतंच. आपल्या स्लाइडवर त्याला अर्धी ओळ.

काम संपल्यावर नळी जाते कुठे, हेही कोणी विचारत नाही. २००८ मध्ये लांब, बहुभिंती नळ्यांनी उंदरांच्या पोटात ॲस्बेस्टॉससारखा दाह झाल्याचं प्रसिद्ध झालं. आखूड, गुंडाळलेल्या नळीचं तसं होईलच असं नाही, पण ते दाखवायला नको?

गेल्या वर्षी अशाच एका सेमिनारनंतर रात्री विंगमधला एकजण खोलीवर आला. "हे औषध कुठे मिळतं रे? आत्यासाठी विचारतोय." 'रामबाण' लिहिणारा पठ्ठ्या खाली बघत बसला. हा उपचार आजही रोजच्या दवाखान्यात आलेला नाही, हे एक वाक्य त्या स्लाइडवर असतं तर?

माझं म्हणणं एवढंच, की सेमिनार देणाऱ्याने पांघरलेल्या नळ्यांची मिठाच्या पाण्यातली, महिनाभर ठेवलेली एक बंद बाटली टेबलावर ठेवावी. तळाला काळा गाळ दिसला तर दिसू दे. मार्क त्याचेही द्यावेत.