ट्रॉलीच्या सांगाड्यास जोडकाम कोणतें करावें?

भातकापणी तोंडावर आली कीं आपल्या मावळांत ट्रॉल्या दुरुस्तीस निघतात. पावसाळाभर गोठ्यामागें उभी असलेली ट्रॉली कोणी बाहेर ओढतो, आणि हूकपाशीं किंवा आंसाच्या वरील चॅनेलास चीर गेलेली पाहून ती वर्कशॉपांत नेतो. तेथें अलीकडे एक नवाच प्रश्न त्याच्यापुढें येतो : सीओटू करूं कीं आर्गन? यांसच जाणते लोक अनुक्रमें मिग आणि टिग म्हणतात. आर्गन महाग, म्हणून तेंच बळकट असलें पाहिजे, असा पुष्कळ बागाईतदारांचा समज झालेला आम्हांस दिसतो. १९०३ च्या सुमारास किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, तेव्हां लोखंडानें जमिनींत विष भिनतें म्हणून शेतकरी तो घेईनात. आतां आपण दुसऱ्या टोंकास गेलों आहों. नांव नवें आणि रक्कम मोठी असली कीं वस्तु चांगली ठरते.

प्रथम या दोन रीती काय आहेत तें पाहूं. मिगमध्यें रिळावरील तार पिस्तुलासारख्या नळींतून आपोआप पुढें येते, आणि विजेच्या ज्योतीनें ती तारच वितळून सांध्यांत भरते. वितळलेल्या लोखंडास हवा लागूं नये म्हणून भोंवतीं वायूचें आवरण सोडतात. साध्या लोखंडी कामास हा वायु बहुधा कार्बन डायऑक्साइड असतो, त्यावरून सीओटू हें नांव पडलें. टिगमध्यें टंगस्टनची टोंकदार काडी असते व ती वितळत नाहीं. कारागीर एका हातानें ज्योत धरतो आणि दुसऱ्या हातानें भरणीची तार थोडी थोडी देत जातो, आवरण आर्गनचें. पहिली रीत झपाट्याची, दुसरी सावकाश आणि नाजूक. टिग १९४१ च्या सुमारास अमेरिकेंतील विमानांच्या कारखान्यांत मॅग्नेशियमचे पातळ भाग सांधण्यासाठीं निघाली. मिगही तिकडेच १९४८ मध्यें ॲल्युमिनियमसाठीं निघाली, आणि १९५३ पासून स्वस्त कार्बन डायऑक्साइडवर काम भागूं लागल्यावर पोलादाच्या धंद्यांत शिरली. आजही शर्यतीच्या मोटारींचे पातळ नळ्यांचे सांगाडे टिगनें जोडतात. उलट जीप व पिकअप यांचे सांगाडे मिगच्या जातीच्या जोडकामानें होतात. चाकण-तळेगांवच्या कारखान्यांत जाणारीं मुलें आतां गांवोगांव आहेत, त्यांना विचारावें.

आपल्या ट्रॉलीचें चॅनेल पांच ते आठ मिलीमीटर जाडीचें, साध्या लोखंडाचें, शेणामातीनें माखलेलें आणि गंजलेलें असतें. टिगला धातु अगदीं लख्ख लागतो. किंचित् तेल किंवा गंज राहिला तरी सांधा सच्छिद्र होतो. चांगल्या हातचें टिगकाम उत्तम असतें यांत शंका नाहीं, परंतु चांगल्या हातचें मिगकामही या लोखंडास पुरेसें बळकट असतें आणि त्यास वेळ व पैसा पुष्कळच कमी लागतो. फवारणीची स्टेनलेस टाकी, दुधाचें भांडें, ॲल्युमिनियमचें झांकण, अशा पातळ कामास आर्गन खुशाल करावें. सांगाड्यास, छपराखालीं काम होत असेल तर, सीओटूच करावें असें आमचें स्पष्ट मत आहे.

पण एवढ्यावर विसंबूं नये. तीन वर्षांपूर्वीं आम्हीं आमच्या ट्रॉलीचा हूक एका वर्कशॉपांत सीओटूनेंच जोडून घेतला होता. रेघ अशी सुबक कीं पाहत राहावें. दिवाळीनंतर इंद्रायणी भाताचीं पोतीं भरून कामशेतकडे गिरणीस निघालों असतां चढावर हूक सांध्यापासून सुटला, ट्रॉली उलट मागें गेली आणि बांधास अडली. मागून आमचा पुतण्या मोटारसायकलवर येत होता. त्यानें गाडी शेतांत घातली म्हणून तो वांचला. तुटलेला भाग पाहतों तों वेल्डिंगची रेघ सालीसारखी अखंड निघालेली, आणि तिच्याखालीं चॅनेल कापतांना पडलेल्या करवतीच्या खुणा जशाच्या तशा! वरची तार वितळली होती, खालचें लोखंड वितळलेंच नव्हतें. महसूल खात्यांत उमर गेल्यामुळें आम्हांस फेरफाराच्या नोंदी आठवल्या. अक्षर मोत्यासारखें, रकाने भरलेले, पण नोंद मंजूरच नाहीं आणि शेत दुसराच कसतो आहे.

मिगचा हा खरा दोष होय. लहान यंत्रावर, त्यांतून संध्याकाळच्या मंद विजेवर, जाड लोखंडास कमी प्रवाहानें तार उतरविली कीं सांधा नुसता चिकटतो. टिगमध्यें खालचें लोखंड वितळलेलें डोळ्यांस दिसल्यावाचून कारागीर तार देत नाहीं, हा तिचा मोठा गुण मान्य केला पाहिजे. म्हणून मिग करवून घेतांना जवळ उभें राहावें. चिरेच्या दोन्ही टोंकांस भोंक पाडून चीर थांबवावी, कडा घांसून खांच करावी, रंग-गंज काढून लोखंड लख्ख करावें, आणि मगच काम सुरू होऊं द्यावें. कारागिरास आधीं त्याच जाडीचे दोन तुकडे एका बाजूनें काटकोनांत जोडण्यास सांगावें आणि ते घणानें उलट दिशेस वांकवून तोडावे. साल निघाली तर ट्रॉली परत आणावी. कारागीर रागावेल; रागावूं द्यावें.

आणखी एक गोष्ट. लोहार गाडीच्या चाकास धाव बसवितांना ती तापवून चढवितो आणि पाण्यानें निववितो, मग ती आकसून चाक आवळून धरते. सांधाही निवतांना असाच आकसतो व त्याची ओढ सांगाड्यांत राहते. म्हणून चॅनेलाच्या पाळीवर आडवी रेघ मारूं देऊं नये. जोडपट्टी लावावयाची तर तिचीं टोंकें निमुळतीं ठेवावींत. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर ती सोडवावी, निदान ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या तारा तरी काढाव्या.

राहिला उघड्यावरील कामाचा प्रश्न. लोणावळ्यापासून खालीं पवनेच्या व इंद्रायणीच्या खोऱ्यांत वारा कसा असतो हें वाचकांस सांगणें नको. ताशीं सात-आठ किलोमीटरची झुळूकही वायूचें आवरण उडवून नेते, मग सीओटू असो वा आर्गन, सांधा आंतून पोकळ होतो. बांधावर दुरुस्ती करणें भाग पडलें तर जुन्या रॉडच्या वेल्डिंगसारखें दुसरें कांहीं नाहीं. त्याचें आवरण रॉडवरच असतें. मात्र भार सोसणाऱ्या सांध्यास वापरतात तो ७०१८ जातीचा रॉड दमट असला तर त्यांतील ओलाव्यामुळें सांध्यास मागाहून चिरा जातात, आणि आषाढ-श्रावणांत आपल्याकडे दमट नाहीं अशी वस्तु कोणती? उन्हांत ठेवून किंवा चुलीच्या उबेनें हा रॉड वाळत नाहीं. त्यास सुमारें ३०० अंशांची विजेची भट्टी लागते. अशी भट्टी खेड्यांतल्या एकट्या कारागिरानें घ्यावी ही अपेक्षा रास्त नव्हे.

आमची सूचना अशी कीं, आपल्या संघानें एक लहान भट्टी घ्यावी, सभासदांच्या कामास लागणारे रॉड त्यांत वाळवून द्यावे, आणि भातकापणीपूर्वीं एक दिवस जवळच्या आयटीआयमधील जाणत्या शिक्षकास बोलावून तुकडे तोडण्याची वरील परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखवावी. खर्चांतील आमचा वांटा आम्ही देऊं. भट्टी मात्र गोदामाच्या पश्चिमेकडील खोलींत ठेवूं नये. तेथें ज्येष्ठापासूनच भिंतीस ओल येते.