‘एचएमटी’ : तांदळाचे नाव आणि पुराव्याचे ओझे

चिमूर (प्रतिनिधी) - चिमूरला लागून असलेल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या. वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी सिद्ध केलेल्या बारीक तांदळाला, त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून, ‘एचएमटी’ हे नाव मिळाले. पुढे १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केले आणि श्रेयाचा वाद उभा राहिला. दादाजी २०१८ साली निवर्तले. वाणावरील हक्काचा प्रश्न २००१ च्या वाण संरक्षण कायद्याचा आहे. नावाचा प्रश्न निराळा. आज कोणत्याही कट्ट्यावर ‘एचएमटी’ छापले, तर दाद कोण मागणार?

१९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात नोंदणीधारकाचे काम सोपे आहे. नोंदणी हाच प्रथमदर्शनी पुरावा. तेच चिन्ह त्याच मालावर असल्यास संभ्रम न्यायालय गृहीत धरते. घड्याळ कंपनीला मात्र एवढ्याने भागणार नाही. घड्याळे १४ व्या वर्गात मोडतात, तांदूळ ३० व्या. म्हणजे देशातील आपली ख्याती आणि तिचा घेतला गेलेला गैरफायदा, दोन्ही दाखवणे आले.

शेतकऱ्याची कोंडी याहून मोठी. नोंदणी नसेल तर कलम २७ नुसार उल्लंघनाचा दावाच चालत नाही. उरतो तो दुसऱ्याच्या नावावर माल खपवल्याचा दावा. त्यात बाजारातील पत, ग्राहकाची दिशाभूल आणि नुकसान हे तिन्ही वादीनेच सिद्ध करायचे. त्यातही जे नाव व्यापारात मालाचा प्रकार सांगू लागते, त्यावर एकट्याची मालकी सांगणे दुरापास्त. ‘एचएमटी’चे तेच झाले. लौकिक वाढला आणि हक्क पातळ झाला, असा हा विचित्र हिशेब!

गिरणीमालक त्याच कट्ट्यावर स्वतःचे नाव व चित्र छापतो, ते मात्र त्याचे ठरू शकते. त्याची नक्कल झाल्यास वर्षवार विक्रीची पक्की बिले, जाहिराती, आणि पावती घेऊन विकत आणलेला नकली कट्टा न्यायालयात लागतो. व्यवहार कच्च्या चिठ्ठीवर झाला असेल, तर आधीपासूनचा वापर दाखवायचा कशाने? दोन कट्टे शेजारी ठेवून फरक मोजणे ही कसोटी नव्हे. पुसट आठवण असलेला सामान्य ग्राहक फसेल काय, हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच ‘अमृतधारा’ खटल्यात सांगितले. ‘कॅडिला’ निकालात (२००१) ग्राहकाचे शिक्षण व सावधपणाही विचारात घ्यायला सांगितले. चित्र पाहून कट्टा उचलणाऱ्या गिऱ्हाइकाची साक्ष म्हणूनच मोलाची ठरते.